बटणं ती बटणंच! व्हिक्टर रीडर स्ट्रीम वापरून सांगतोय

सगळे विचारतात मोबाईलमध्ये सगळंच येतं आता, मग पुस्तकं ऐकायला वेगळा प्लेअर कशाला. मी पण हेच म्हणायचो. टॉकबॅकवर (आम्हा अंधांना पडद्यावरचं बोलून दाखवणारी फोनमधली सोय) फोन मस्त चालतो, नाही असं नाही, पण लोकलमध्ये एका हातात कडी, दुसऱ्या हातात काठी आणि फोन दोन्ही, अशात गुळगुळीत काचेवर पॉजचं बटण शोधून दाखवा. त्यात मधेच ओटीपी आला की पुस्तक वाचणाऱ्या बाईंच्या आवाजावर टॉकबॅक सुरू, झालं, गेलं वाक्य.

स्ट्रीम कॅनडाच्या ह्यूमनवेअर कंपनीचा, पहिला २००७ मध्ये आला, माझा दुसऱ्या पिढीतला आणि मित्राकडून सेकंडहँड घेतलेला, कारण नव्याच्या किमतीत चांगला फोन येतो (हे घरी रोज ऐकतो). जुन्या फोनसारखी आकड्यांची बटणं, ५ वर ठिपका, अंगठा बरोबर तिथेच बसतो. २ आणि ८ ने ठरवायचं की उडी केवढी मारायची, प्रकरण की पान की वाक्य, आणि मग ४ ने मागे, ६ ने पुढे. खिशातल्या खिशात होतं सगळं. पान १४२ हवंय? गो टू दाबा, १४२ टाका, हॅश. पण त्यासाठी पुस्तक डेझी फॉरमॅटचं हवं, त्यात आवाजाबरोबर प्रकरणं-पानं बांधलेली असतात. नुसत्या एमपीथ्रीच्या फोल्डरला पान वगैरे काही माहीत नसतं, आणि डेझीतही करणाऱ्याने पानं टाकली असतील तरच.

पुस्तकं मी सुगम्य पुस्तकालय या आमच्यासारख्यांच्या ऑनलाइन लायब्ररीतून लॅपटॉपवर उतरवून कार्डावर टाकतो. २०१२ ला कॉपीराइट कायदा बदलला म्हणून हे सरळ मार्गाने मिळतंय, नाहीतर आधी प्रत्येक प्रकाशकाच्या पाया पडा. कार्ड मात्र नीट बघून घ्या, मी स्वस्तातलं घेतलं आणि अर्धी लायब्ररी उडाली, प्लेअरला उगाच शिव्या घातल्या.

रात्री स्लीपचं बटण दाबून १५ मिनिटं लावतो. तरी बायको म्हणते, "अहो, तुम्ही पाचव्या मिनिटाला घोरता, शेवट मलाच कळतो."

एक गोष्ट खटकते, ती या मशीनची नाही, ऐकण्याचीच. वर्षानुवर्षं नुसतं ऐकून माझं ऱ्हस्व-दीर्घ पार बिघडलं, अर्ज लिहायला बसलो की वेलांटी कुठली तेच आठवेना. म्हणून मित्राचा 'ऑर्बिट रीडर २०' हा ब्रेल डिस्प्ले आठवडाभर आणला, त्यात ब्रेलचे ठिपके खटखट वर येतात, बोटाखाली अक्षर न् अक्षर कळतं. पण ओळ २० घरांची, आणि मराठी ब्रेलमध्ये काना, वेलांटी, जोडाक्षराची खूण प्रत्येकाला वेगळं घर. "विद्यार्थ्यांसाठी" या एका शब्दाने १७ खाल्ली, मोजली मी. कादंबरी काय वाचणार त्याच्यावर! अर्जापुरता मागून आणतो, बाकी स्ट्रीम.