२ टीबीचा ड्राइव्ह, आत फक्त ६४ जीबी

लॅपटॉप भरत आला म्हणून मी ऑनलाइन २ टीबीचा, म्हणजे २००० जीबीचा, एक पोर्टेबल एसएसडी (चिपवर फाइली साठवणारा वेगवान ड्राइव्ह) मागवला. नावाजलेल्या कंपन्यांच्या तेवढ्याच ड्राइव्हपेक्षा तो खूपच स्वस्त होता. मनात पाल चुकचुकली होती, पण खाली पाच-पाच ताऱ्यांचे अभिप्राय होते. घरी लावून पाहिला तर विंडोजने १.८१ टीबी दाखवले. कंपन्या हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४ च्या, त्यामुळे २ टीबीला हा आकडा चोख जुळतो. तिथेच माझी शंका फिटली.

सगळे फोटो आणि व्हिडिओ मिळून १८० जीबी भरले. कॉपी व्हायला अख्खी रात्र लागली. खऱ्या एसएसडीला तासभरसुद्धा लागायला नको होता, पण तेव्हा ते डोक्यात आलं नाही. सकाळी शेवटचे चार-पाच फोटो उघडून पाहिले, छान उघडले. मग लॅपटॉपवरचे मूळ फोटो पुसले, रिसायकल बिनसुद्धा रिकामा केला.

तीन आठवड्यांनी आईला मावशीचे फोटो पाहायचे होते. मावशी आता नाही. फोल्डर जागेवर होतं, फाइलींची नावं, तारखा, आकार, सगळं बरोबर. पण एकही फोटो उघडेना. पोटात गोळा आला. पहिल्या फोल्डरपासून एकेक उघडत गेले, तर सुरुवातीच्या वर्षांचे सगळे फोटो ठीक होते. मग एक फोटो आला: मावशी खुर्चीत बसलेली, कपाळ, चष्मा, हसू, सगळं स्पष्ट, आणि खांद्यापासून खाली नुसता करडा पट्टा. त्याच्या पुढचं काहीच उघडलं नाही. तिच्या शेवटच्या वर्षांचे फोटो आणि तिचा आवाज असलेले दोन व्हिडिओ त्या पुढच्या भागात होते.

नंतर कळलं ते असं. ड्राइव्ह किती मोठा आहे हे संगणक स्वतः मोजत नाही, ड्राइव्हमधला कंट्रोलर, म्हणजे त्याचा कारभार पाहणारी चिप, सांगेल ते मानतो. त्या कंट्रोलरचं फर्मवेअर (त्याच्या आतला प्रोग्राम) बदलून ६४ जीबीच्या चिपला २ टीबी म्हणायला लावलेलं होतं. जागा संपल्यावर पुढचा डेटा तो स्वीकारत राहतो आणि टाकून देतो. काही ड्राइव्ह तर पुन्हा सुरुवातीपासून आधीच्याच फाइलींवर लिहितात. फाइलींच्या नावांची यादी मात्र सहसा सुरुवातीच्या खऱ्या भागात असते, म्हणून नावं सगळी दिसतात. फॉरमॅट करूनही लबाडी पकडता येत नाही, कारण नेहमीचं क्विक फॉरमॅट फक्त ती यादी नव्याने लिहितं. आणि मी सकाळी पाहिलेले फोटो का उघडले? नुकतीच कॉपी झालेली फाइल संगणक बऱ्याचदा स्वतःच्या रॅममधूनच (तात्पुरत्या मेमरीतूनच) दाखवतो. ड्राइव्ह काढून पुन्हा लावून पाहिला असता तर त्याच दिवशी कळलं असतं.

लॅपटॉपमधून फोटो परत मिळवायचा प्रयत्न केला. पण त्यातही एसएसडीच आहे, आणि ट्रिम नावाच्या सोयीमुळे पुसलेली जागा तो लगेच खरोखर मोकळी करून टाकतो. काहीच हाती लागलं नाही. नातेवाइकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले थोडे फोटो मिळाले, तेही आकाराने लहान झालेले. विक्रेत्याने पैसे परत दिले, एका शब्दाने वाद घातला नाही. ड्राइव्हचं कवच उघडलं तर आत एक छोटी पट्टी आणि तिच्यावर गोंदाने चिकटवलेलं मायक्रो एसडी कार्ड होतं, बाकी पोकळ.

ते चांगले अभिप्राय खोटेच असतील असं मी म्हणत नाही. पहिल्या आठवड्यात दहा-वीस जीबी भरणाऱ्याला तो ड्राइव्ह खरंच चांगला वाटतो. म्हणून अभिप्राय वाचायचेच तर एक-दोन ताऱ्यांचे वाचा, आणि त्यात ‘फाइली उघडत नाहीत’ असं कुठे लिहिलंय का ते शोधा.

नवा ड्राइव्ह, पेनड्राइव्ह किंवा मेमरी कार्ड आणलं की काहीही ठेवण्याआधी तपासा. विंडोजवर एच-टू-टेस्ट-डब्ल्यू (H2testw) हे छोटं मोफत साधन आहे. लिनक्स आणि मॅकवर एफ-थ्री (F3), ते कमांड देऊन चालवावं लागतं. दोन्ही साधनं ड्राइव्हभर ओळखीचा डेटा लिहितात आणि परत वाचून ताडून पाहतात. माझ्या ड्राइव्हच्या वेगाने पूर्ण २ टीबी लिहायलाच तीन-चार दिवस लागले असते, म्हणून मी १०० जीबीचीच चाचणी लावली, तेवढ्यातच खोट उघडी पडली. माल परत करायची मुदत संपायच्या आत हे करा. मूळ फाइली आणखी एका जागी प्रत झाल्याशिवाय पुसू नका.

असा ड्राइव्ह तुमच्याकडे आधीपासून वापरात असेल तर त्यावर आता एकही फाइल टाकू नका, चाचणीसुद्धा लावू नका. जे उघडतंय ते आधी दुसरीकडे काढून घ्या.