बडोद्याची दहा किलोमीटर शर्यत: व्यवस्था चोख, अंतर अपुरे

यंदाच्या जानेवारीत, उत्तरायणानंतरच्या (म्हणजे पतंगांच्या संक्रांतीनंतरच्या) रविवारी, बडोद्यात झालेल्या एका दहा किलोमीटरच्या रस्ता-शर्यतीत मी धावलो. नोंदणीचे 750 रुपये भरले होते. त्या रकमेत आयोजकांनी काय दिले आणि काय देण्याचे राहून गेले, एवढाच या अभिप्रायाचा विषय आहे. आयोजकांचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण त्यांच्याशी माझा पत्रव्यवहार अजून संपलेला नाही आणि तो संपण्यापूर्वी चारचौघांत नाव घेणे मला योग्य वाटत नाही.

माझ्याविषयी दोन वाक्ये सांगणे भाग आहे. मी दांडिया बाजारात राहतो, नोकरीची सगळी वर्षे रस्त्यांच्या मोजणीत गेली आणि निवृत्तीनंतर, डॉक्टरांच्या आग्रहामुळे, कमाटी बागेत आधी चालायला व मग धावायला लागलो. अर्धमॅरेथॉनच्या वाटेला मी जात नाही. आठवड्यातून चार दिवस तासभर दिला की दहा किलोमीटरची तयारी होते, शर्यतीनंतर दोन-तीन दिवसांत पाय पूर्ववत होतात आणि घरच्यांच्या तक्रारीही मर्यादेत राहतात. म्हणून हेच अंतर मला मानवते. गेली दोन वर्षे माझी एकच इच्छा होती, ती म्हणजे हे अंतर एका तासाच्या आत पूर्ण करावे, आणि या अभिप्रायाचा बराचसा भाग त्या एका तासाभोवतीच फिरणार आहे.

आधी चांगल्या गोष्टी, कारण त्या खरोखर पुष्कळ होत्या. शर्यतीच्या आदल्या दिवशी बिब (अंगावर लावायचा क्रमांकाचा कागद) आणि टी-शर्ट घेण्यासाठी गेलो तेव्हा रांग वीस मिनिटांत संपली. टी-शर्ट नेहमीसारखाच घाम न शोषणाऱ्या कापडाचा होता, त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखे काही नाही. बिबच्या मागे चिकटवलेली चिप मात्र सर्वांना समजावून सांगितली गेली, हे विशेष. या चिपमध्ये बॅटरी नसते. आरंभरेषेवर आणि अंतिम रेषेवर अंथरलेल्या चटईतून निघणाऱ्या रेडिओ लहरींमुळे ती जागी होते आणि आपला क्रमांक कळवते. माणसाच्या शरीरातील पाणी या लहरी शोषून घेते, म्हणून बिब पाठीवर किंवा मांडीवर न लावता छातीवरच लावावा, असे टेबलामागची मुलगी प्रत्येकाला न कंटाळता सांगत होती. मागच्या एका शर्यतीत माझ्या शेजाऱ्यांनी बिब कमरेच्या पट्ट्यावर उलटा लावला होता आणि त्यांची वेळ कुठेच उमटली नव्हती, त्यामुळे हे सांगणे किती मोलाचे आहे ते मला ठाऊक आहे.

शर्यत साडेसहाला सुटली. जानेवारीत बडोद्याला सूर्य सव्वासातनंतर उगवतो, त्यामुळे पहिला बराचसा भाग अंधारात किंवा झुंजुमुंजू उजेडात धावावा लागला. पण हवा इतकी गार होती की तक्रारीला जागा नव्हती. राजमहाल रोडवरून निघून, खंडेराव मार्केटच्या जुन्या इमारतीसमोरून आणि दांडिया बाजारातून अकोटा पुलावर, तेथून पलीकडच्या बाजूला लांबवर जाऊन वळायचे आणि त्याच वाटेने परत यायचे, असा मार्ग होता. उत्तरायणानंतरच्या रस्त्यांवर सर्वांत मोठा धोका खड्ड्यांचा नसतो, मांजाचा असतो. डांबरावर पडलेला तुटका मांजा उजेडातही दिसत नाही आणि घोट्याभोवती गुंडाळला गेला की धावणारा तोंडघशीच पडतो. आयोजकांनी पहाटे चार वाजल्यापासून मुलांच्या टोळ्या लावून संपूर्ण मार्गावरचा मांजा काठीला गुंडाळून गोळा केला होता. आरंभरेषेजवळ एका पोत्यात त्याचा रंगीत गुंता भरून ठेवलेला मी स्वतः पाहिला. बाहेरगावच्या कोणत्याही आयोजकाला हे सुचले नसते.

पाण्याच्या चार जागा होत्या आणि चारही ठिकाणी शेवटच्या माणसापर्यंत पाणी पुरले. कागदी पेले अर्धेच भरलेले होते, ही गोष्ट किरकोळ वाटेल. पण धावता धावता काठोकाठ भरलेला पेला ज्याने नाकात ओतून घेतला आहे, त्याला तिचे महत्त्व सांगावे लागत नाही. स्वयंसेवकांचे 'चालो काका, चालो!' उत्साहाचे होते. दांडिया बाजारातल्या एका वाड्याच्या ओट्यावर दोन आजीबाई ताटात तिळाच्या वड्या घेऊन उभ्या होत्या आणि प्रत्येकाला 'घ्या, गोड बोला' म्हणत होत्या. ही सोय आयोजकांची नव्हती, पण शर्यतीच्या हिशेबात ती जमेच्या बाजूला धरायला हरकत नाही. शेवटी न्याहारीला सेव उसळ होती. चव उत्तम, पण तासभर धावून आलेल्या पोटाला तो तिखट रस्सा सोसत नाही. निदान शेजारी केळी तरी ठेवावीत.

उणी बाजू सुरुवातीलाच दिसली ती अशी, की पाच किलोमीटर चालणाऱ्यांना दहा किलोमीटर धावणाऱ्यांच्या पुढे उभे केले होते. पहिला अर्धा किलोमीटर छायाचित्रे काढत चालणाऱ्या कुटुंबांमधून वाट काढण्यात गेला. बंदुकीच्या बारानंतर आरंभरेषेवर पोहोचायलाच मला 1 मिनिट 50 सेकंद लागले. चिपची वेळ रेषा ओलांडल्यापासून मोजली जाते, म्हणून हे नुकसान कागदावर आले नाही, एवढेच.

आता मुख्य मुद्दा. मी प्रत्येक किलोमीटरच्या फलकापाशी मनगटावरच्या साध्या स्टॉपवॉचचे बटण दाबत होतो. पहिले पाच किलोमीटर 6 मिनिटांच्या आसपास, एखाद-दुसऱ्या सेकंदाच्या फरकाने, घड्याळाच्या लंबकासारखे गेले. पाचव्या फलकानंतर थोड्या अंतरावर एक नारिंगी शंकू ठेवला होता, त्याच्याजवळ शिट्टी वाजवणारा पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा उभा होता. त्या शंकूला वळसा घालून मी परतलो आणि सहाव्या फलकापाशी बटण दाबले, तर तो किलोमीटर 4 मिनिटे 34 सेकंदांत पूर्ण झाला होता. धाप वाढली नव्हती, पायांची गतीही बदलली नव्हती. खोटे कशाला बोलू, त्या क्षणी मला शंका आली नाही, अभिमान वाटला. पुढचे किलोमीटर पुन्हा 6 मिनिटांवर आले. अंतिम रेषा ओलांडली तेव्हा वेळ 58 मिनिटे 41 सेकंद होती. गळ्यात पदक पडले, भ्रमणध्वनीवर निकालाचा संदेश आला आणि घरी सौभाग्यवतींनी शिरा केला.

संध्याकाळी पुतण्याने त्याचे जीपीएसचे घड्याळ दाखवले. त्यात 9.86 किलोमीटर होते. 'काका, घड्याळात थोडा फरक येतोच,' असे तो म्हणाला, आणि ते खरेही आहे. फक्त तो फरक बहुधा उलट्या दिशेने येतो. हे घड्याळ दर थोड्या वेळाने आपले स्थान नोंदवते, प्रत्येक नोंदीत काही मीटरची चूक असते आणि त्या चुकलेल्या बिंदूंना जोडणारी रेघ नागमोडी होत असल्याने सरळ वाटेपेक्षा ती सहसा लांब भरते. अकोटा पुलावर तर सौर पॅनेलांचे छप्पर आहे, तेथे ही रेघ आणखी भरकटते. शिवाय शर्यतीचा मार्ग मोजण्याचा आंतरराष्ट्रीय नियम असा आहे, की शक्य त्या सर्वांत जवळच्या वाटेने, वळणावर कडेपासून 30 सेंटिमीटर अंतर ठेवून मोजायचे. गर्दीतून धावणारा माणूस अशा काटेकोर वाटेने कधीच जात नाही. म्हणजे नीट मोजलेल्या मार्गावर प्रत्येकाच्या घड्याळात दहापेक्षा थोडे अधिकच अंतर दिसायला हवे. घड्याळ 9.86 दाखवत असेल, तर रस्ता त्याहूनही आखूड असण्याची शक्यता अधिक, हे माझ्या ध्यानात आले आणि शिऱ्याची गोडी तेथेच संपली.

पुढच्या रविवारी पहाटे मी स्वतः मोजणी केली. जगभर रस्ता-शर्यती आजही सायकलनेच मोजल्या जातात. पुढच्या चाकाजवळ फेऱ्या मोजणारे एक छोटे दातेरी यंत्र बसवतात, त्याला ते बनवणाऱ्याच्या नावावरून जोन्स काउंटर म्हणतात. माझ्याकडे ते नव्हते, म्हणून जुन्या बाजारातून यंत्रमागावर असतो तसा आकडे फिरणारा काउंटर आणून सायकलच्या पुढच्या चाकाला तो अडकवला. पोलादी फितीने एका सरळ रस्त्यावर 300 मीटरची रेघ आखली, तिच्यावरून चार वेळा सायकल चालवली, सरासरी 136.9 फेऱ्या भरल्या. उन्हाने टायरमधली हवा फुगते आणि चाकाचा घेर बदलतो, म्हणून मार्ग मोजून झाल्यावर पुन्हा चार वेळा त्याच रेघेवरून जावे लागते. पहाटेच्या गारव्यामुळे फरक नगण्य आला. नंतर शंकू जेथे होता तेथेच वळून संपूर्ण मार्ग मोजला. फेऱ्या 4,454 झाल्या. हिशेब केला तर हे अंतर 9,760 मीटर येते.

मोजणीच्या नियमानुसार मार्ग आखताना हजारात एक या प्रमाणात, म्हणजे दहा किलोमीटरला 10 मीटर, अंतर मुद्दाम जास्त धरतात, जेणेकरून मोजणीतल्या लहानसहान चुकांमुळे मार्ग आखूड निघू नये. तो गुणक मी धरलेलाही नाही. धरला असता तर तूट आणखी वाढली असती. माझ्या घरगुती पद्धतीत दहा-पंधरा मीटरची चूक निघू शकेल हेही मान्य करतो. तरी 240 मीटर त्यात बसत नाहीत. माझ्या वेगाने ते अंतर धावायला जवळजवळ दीड मिनिट लागते, म्हणजे पुरे दहा किलोमीटर मी सुमारे 60 मिनिटे 8 सेकंदांत धावलो असतो.

चूक कोठे झाली तेही त्याच दिवशी सापडले. शंकूच्या जागेपासून बरोबर 120 मीटर पुढे, एका चहाच्या टपरीसमोर, रस्त्यावर पिवळ्या रंगात वळणाचा बाण आणि 'यू' असे अक्षर रंगवलेले आहे. म्हणजे मार्ग कोणीतरी जाणकाराने व्यवस्थित मोजला होता, किलोमीटरचे फलकही मोजणीप्रमाणेच लावले होते. फक्त त्या सकाळी शंकू बाणावर न ठेवता अलीकडच्या दिव्याच्या खांबापाशी ठेवला गेला. जाऊन परत येण्याच्या मार्गावर वळणाची चूक नेहमी दुप्पट होते, त्यामुळे 120 चे 240 झाले. त्या मुलाला मी दोष देत नाही. अंधारात रंगवलेला बाण त्याला दिसला नसेल, किंवा टपरीवाल्याने 'जरा अलीकडे उभा राहा' म्हटले असेल. विक्रमांसाठीच्या शर्यतीत मोजणी करणाऱ्याने किंवा त्याने नेमलेल्या जाणकाराने नकाशा घेऊन आघाडीच्या गाडीत बसावे किंवा अन्य प्रकारे मोजलेल्या वाटेनेच शर्यत धावली जाते आहे याची खात्री करावी, असा नियम आहे. केनियाच्या धावपटू ॲग्नेस न्गेटिच यांनी 14 जानेवारी 2024 रोजी स्पेनमधील व्हॅलेन्सियात दहा किलोमीटर 28 मिनिटे 46 सेकंदांत पूर्ण केले, तेव्हा जगाने ती वेळ विक्रम म्हणून स्वीकारली ती अशाच कडक तपासणीच्या आधारावर. आमच्या शर्यतीत आघाडीची गाडी होती. तिच्यात, मला दिसले त्याप्रमाणे, छायाचित्रकार बसले होते.

ट्रॅकवर हा प्रश्नच नसतो. तेथे 10,000 मीटर म्हणजे 25 फेऱ्या; 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत नाशिकच्या कविता राऊत यांनी त्या अंतरात कांस्यपदक मिळवले, तेव्हा अंतराबद्दल विचारण्याचे कोणालाच कारण नव्हते. रस्त्यावर मात्र मोठ्यांच्याही चुका झाल्या आहेत. इंग्लंडमधील मँचेस्टरची मॅरेथॉन 2013 ते 2015 अशी सलग तीन वर्षे 380 मीटर आखूड होती. चूक कळल्यावर ती जाहीर झाली आणि त्या वेळा ग्राह्य राहिल्या नाहीत.

माझी तक्रार शंकूपेक्षा नंतरच्या वागणुकीबद्दल अधिक आहे. फेऱ्यांच्या आकड्यांसह आणि बाणाच्या छायाचित्रासह मी आयोजकांना पत्र पाठवले. आठ दिवसांनी उत्तर आले, त्यात 'जीपीएस उपकरणांत थोडाफार फरक येणे स्वाभाविक आहे' असे एक वाक्य आणि पुढच्या वर्षीच्या नोंदणीवर दहा टक्के सवलतीचे आश्वासन होते. माझ्या पत्रात जीपीएसचा आधार कोठेही घेतलेला नव्हता. मी दुसरे पत्र पाठवले असून त्यात सवलत नको, निकालपत्रकावर अंतराची एक ओळ दुरुस्त करा, एवढीच विनंती केली आहे.

पहिल्यांदाच रस्त्यावर धावणाऱ्यांनी आणि कुटुंबासह येणाऱ्यांनी ही शर्यत अवश्य धावावी. पाणी, सुरक्षितता आणि मांजाची काळजी या बाबतीत मी बडोद्यात याहून चांगली व्यवस्था पाहिलेली नाही. वेळेसाठी धावणाऱ्यांनी मात्र सहाव्या किलोमीटरला घड्याळावर लक्ष ठेवावे. मीही पुढच्या जानेवारीत नाव नोंदवणार आहे, पूर्ण शुल्क भरून. परवा सकाळी त्या बाजूने गेलो होतो. टपरीसमोरचा पिवळा बाण अजून पुसलेला नाही.