पाळणाघरात लसीची सक्ती करावी की नुसता आग्रह?

ओळखीतल्या दोघी-तिघी नवी पाळणाघरं सुरू करतायत, आणि सगळ्यांचा प्रश्न एकच: लसीकरणाचं कार्ड दाखवल्याशिवाय प्रवेश नाही असा नियम करावा, की मूल घ्यावं आणि पालकांच्या मागे लागावं? कोपरखैरण्यात आम्ही नवरा-बायको पाळणाघर चालवतो. आधी पहिली पद्धत होती, आता दुसरी आहे.

सक्तीची बाजू लेचीपेची नाही. गोवराची पहिली लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर मिळते. तोवर ते बाळ शेजारी खेळणाऱ्या मुलांच्याच भरवशावर असतं. रुग्ण खोलीतून गेल्यावरही हा विषाणू दोन तासांपर्यंत हवेत टिकू शकतो. 2022 च्या अखेरीस गोवंडी, भिवंडीत गोवराची साथ आली तेव्हा आया रोज विचारायच्या, "सगळ्यांचं झालंय ना?" तेव्हा "हो, आपला नियमच आहे" म्हणता यायचं, याचा मोठा आधार वाटायचा.

काही पालक कोविड लसीच्या सक्तीवरच्या, सर्वोच्च न्यायालयाच्या 2 मे 2022 च्या निकालाचा दाखला देतात. कुणालाही जबरदस्तीने लस टोचता येणार नाही, शरीरावरचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद 21 मध्ये, म्हणजे जगण्याच्या हक्कात येतो, हे त्यात आहेच आणि मला ते मनापासून पटतं. पण सार्वजनिक आरोग्यासाठी वाजवी निर्बंध घालता येतात, हेही त्याच निकालात आहे. लस न घेतलेल्यांकडून कोविड जास्त पसरतो असा पुरेसा पुरावा समोर आला नाही, म्हणून तेव्हाचे निर्बंध प्रमाणाबाहेरचे ठरले. गोवराची लस प्रसारही रोखते, त्यामुळे तो युक्तिवाद इथे जसाच्या तसा लागू होत नाही, असं मला वाटतं.

तरीही आम्ही सक्ती सोडली, ती एका गोष्टीला कंटाळून. नियम भलत्यालाच लागायचा. महापेच्या कारखान्यात कामाला जाणारी आई यायची. मुलाच्या लसी गावी झालेल्या, कार्ड घड्यांवर फाटलेलं, नवव्या महिन्याच्या चौकोनातली शाई पुसलेली. डाव्या दंडावर बीसीजीचा, म्हणजे क्षयाच्या लसीचा, व्रण दिसायचा, पण गोवराची लस अशी खूण ठेवत नाही. नियमाप्रमाणे तिला परत पाठवायचं, म्हणजे तिचा रोज बुडणार. आणि ज्यांना लस मुळातच नको होती, ते ओळखीच्या डॉक्टरांचं शिक्क्यासकट पत्र आणायचे. त्यांचं मूल आत. हे बघवेना.

आता कार्ड मागतो, पण नसलं तरी मूल घेतो. लसीकरणाच्या दिवशी आमच्या मावशी त्या आईबरोबर नागरी आरोग्य केंद्रात जातात. नोंद सापडली नाही तर तिथे डोस पुन्हा देतात. जास्तीच्या डोसाने अपाय होत नाही. ज्यांचा ठाम नकार आहे त्यांच्याशी वाद घालत नाही. फक्त प्रवेशाच्या वेळीच सही घेतो, की गोवराचा रुग्ण निघाला तर मूल 21 दिवस घरी राहील. बहुतेकांचं मत सहीच्या वेळी जरा मऊ होतं, असा आमचा अनुभव.

आग्रहालाही मर्यादा आहेत. नवी मुंबई महापालिकेने 2018 मध्ये टायफॉइडच्या नव्या लसीची मोहीम घेतली, सरकारी पातळीवर देशातली पहिलीच. सक्ती नसताना 1 लाख 13 हजारांवर मुलांनी लस घेतली, म्हणजे ठरवलेल्यांपैकी साधारण 71 टक्के. गोवर रोखायला 95 टक्के लागतात. मधलं अंतर दारोदार जाऊनच भरावं लागतं, आणि त्याला माणूस लागतो. तुमच्याकडे मावशींसारखं कुणी नसेल तर कार्डाचा नियमच सोयीचा पडेल.

नऊ महिन्यांखालची बाळं घेणार असाल तर त्यांची खोली मात्र वेगळी ठेवा. त्या खोलीत कार्डाशिवाय मोठं मूल मी आजही बसवत नाही.