झाकणवाला लिटर बॉक्स: टब ठेवा, झाकण काढा

मांजराच्या शी-शूचा हा बॉक्स: पुढे हलणारं दार, वर क्लिपांनी बसणारं झाकण, झाकणात कोळशाचा फिल्टर, सोबत स्कूप. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला वाटतं, वासाचा प्रश्न मिटला. पण वास आत कोंडतो, आणि नाक खुपसून आत जायचं असतं ते मांजराला. मग ते बॉक्सच्या शेजारी पायपुसण्यावर बसतं आणि शिव्या खातं. घरात दोन मांजरं असतील तर आणखी एक घोळ: एकच दार असल्याने आतलं मांजर कोंडीत सापडतं. एकदा तसं घाबरलं की पुन्हा आत पाऊल टाकत नाही.

माप हा दुसरा दोष. मोठ्या मांजराची नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी साधारण ४५ सें.मी. बॉक्स त्याच्या दीडपट, म्हणजे ६५-७० सें.मी. हवा. हे बॉक्स बहुतेक ५० च्या आसपास असतात. वळता आलं नाही की बूड दाराबाहेर राहतं.

टब मात्र चांगला. उंच कडा, गुळगुळीत तळ, धुवायला सोपा. झाकण काढून तो वापरा. गोळा धरणारं, बिनवासाचं बेंटोनाइट लिटर (शू शोषून तिचा गोळा करणारी माती) पाच-सहा सें.मी. भरा, त्याला सहा-सात किलो लागतं, पाच किलोची पिशवी पुरत नाही. थर पातळ राहिला की शू तळाला पोचते, चिखल होऊन प्लास्टिकला चिकटते आणि स्कूपने उचलताना गोळा फुटतो. लव्हेंडरचा वास माणसांना आवडतो, मांजरांना सहसा नाही. पावसाळ्यात उघडी पिशवी ओल धरते, उरलेलं लिटर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. नवं लिटर एकदम बदलू नका; जुन्यात पाव भाग मिसळत आठ-दहा दिवसांत बदला. वापरलेलं लिटर कमोडमध्ये टाकलंत तर प्लंबर ठरलेला.

गोळे दिवसातून दोनदा काढा. टब साध्या साबणाने धुवा. फिनाइल नकोच: त्यात फिनॉल असू शकतं, ते मांजराच्या यकृताला झेपत नाही, आणि पंज्याला लागलेलं ते चाटतंच. ब्लीचही नको, शूमधल्या अमोनियाशी मिळून त्याचा विषारी वायू होतो.

एवढं करूनही बाहेर होत असेल तर जागा पाहा: वॉशिंग मशीनशेजारी किंवा जेवणाच्या वाटीजवळ ठेवलेला बॉक्स मांजर टाळतं. बॉक्सही मोजा, मांजरं जितकी त्याहून एक जास्त. उभं राहून, शेपटी वर करून भिंतीवर फवारा मारणं वेगळं. ती हद्द आखणं असते, तिथे नसबंदीचा विचार करा. आणि बोका बॉक्समध्ये वारंवार बसून जोर लावतोय, गोळा मात्र एकही नाही, तर बॉक्सचा विचार सोडा. मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.

ज्यांनी अजून विकत घेतला नाही, त्यांनी भांड्यांच्या दुकानातला ७० सें.मी. लांबीचा प्लास्टिकचा टब घ्यावा आणि एक बाजू १२-१५ सें.मी. उंचीवर कापावी. कापलेली कड घासायला विसरू नका.