उकळायचं, क्लोरीन टाकायचं, की आरओ घ्यायचा?

नवीन घरात सामान लागलं की पाण्याच्या मशीनचा विषय निघतोच. आमच्याकडे आलेल्या विक्रेत्याने टेबलावर दोन ग्लास ठेवले, एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात आरओचं, म्हणजे बारीक पडद्यातून दाबाने गाळून क्षार काढलेलं. दोन्हींत कांड्या बुडवून वीज सोडली. नळाचं पाणी बघता बघता विटकरी, मग काळपट झालं. सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. खरं तर तो रंग पाण्यातल्या घाणीचा नव्हता, कांडीतल्या लोखंडाचा होता. क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते, लोखंड झिजतं आणि त्याचा गंज दिसतो. आरओच्या पाण्यात क्षारच नसल्यासारखे, म्हणून ते स्वच्छ राहतं.

म्हणून मशीन बघण्याआधी आपलं पाणी कशाने बिघडलंय ते बघा. जंतूंनी, की विरघळलेल्या क्षारांनी?

२०२५च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, नांदेड, किरकटवाडी, धायरी भागात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) रुग्ण एकदम वाढले. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला. आधी जुलाब आणि पोटदुखी होते, मग काहींच्या हातापायांतली ताकद जाते. त्याच काळात महापालिकेने पाण्याचे काही खासगी आरओ प्रकल्पही बंद केले, कारण तिथल्या पाण्यात दूषितपणा आढळला होता. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजणाऱ्या मीटरला यातलं काही कळत नाही. नव्वद टीडीएसचं पाणीही जंतूंनी भरलेलं असू शकतं.

जंतूंचाच प्रश्न असेल तर उकळणं सगळ्यांत भरवशाचं. बुडबुडे खळखळून यायला लागल्यावर एक मिनिट पुरतं. कॅम्पायलोबॅक्टर, कॉलरा, टायफॉइड, कावीळ पसरवणारे विषाणू, सगळ्यांचा त्यात निकाल लागतो. खर्च गॅसचा, आणि पाणी निवेपर्यंत थांबायचा कंटाळा. पण फ्लोराइड, नायट्रेट किंवा खारेपणा उकळून जात नाही, उलट पाणी आटतं तसा थोडा वाढतोच.

क्लोरीन सगळ्यांत स्वस्त. ग्रामपंचायत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर वापरते, घरी द्रवरूप क्लोरीनची बाटली. बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात थेंब टाकायचे आणि अर्धा तास थांबायचं. वासाची कुरकुर होते, पण तो वास म्हणजे पाण्यात थोडं क्लोरीन अजून शिल्लक आहे. माठात भरल्यावरही त्याचं काम चालू असतं, आणि हे उकळलेल्या पाण्याला जमत नाही. मात्र पाणी गढूळ असेल तर क्लोरीन गाळावरच खर्ची पडतं. आधी तुरटी फिरवून निवळू द्या, वरचं पाणी फडक्यातून गाळून घ्या. नुसत्या तुरटीने जंतू मरत नाहीत, हे मात्र घरातल्या मोठ्यांना पटवणं अवघड आहे.

यूव्हीचं, म्हणजे अतिनील किरणांनी जंतू मारणारं यंत्र महापालिकेच्या निवळ पाण्याला ठीक. वीज गेली की ते बंद पडतं, आणि गढूळ पाण्यात किरण आत पोहोचत नाहीत.

मग आरओ कुणी घ्यायचा? अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी पिणाऱ्यांनी. यवतमाळ, चंद्रपूरच्या काही गावांत विहिरीत फ्लोराइड निघतं, दात पिवळे पडतात, पुढे हाडं कडक होतात, तिथेही. भारतीय मानकात टीडीएसची पसंतीची मर्यादा ५०० मिलीग्रॅम प्रतिलिटर आहे, दुसरा स्रोतच नसेल तर २०००. धरणाच्या नळाचं पाणी ५००च्या आत असेल तर आरओ माझ्या मते वायफळ खरेदी. एक लिटर गाळताना घरगुती यंत्र साधारण दोन-तीन लिटर मोरीत सोडतं. टँकर विकत घेणाऱ्या सोसायटीने याचा हिशोब आधी करावा. मेंब्रेन (गाळणारा पडदा) वेळेवर बदललं नाही, टाकी धुतली नाही, तर पैसे भरूनही शेवटी घाण पाणीच प्यायचं.

निवड करण्याआधी एक बाटली पाणी जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या प्रयोगशाळेत द्या. टँकरचं असेल तर उन्हाळ्यात एकदा, पावसाळ्यात एकदा. स्वस्तात अंदाज हवा असेल तर एचटूएसची (विष्ठेतल्या जंतूंची लागण ओळखणारी) चाचणी बाटली मिळते. पाणी भरून ठेवा. एक-दोन दिवसांत काळी पडली तर विष्ठेची लागण धरून चाला, आणि त्या दिवसापासून उकळायला लागा. मशीनचं नंतर बघता येईल.

आणि काहीही घेतलंत तरी माठाला तोटी बसवून घ्या, नाहीतर लांब दांड्याचं ओगराळं ठेवा. आमच्याकडे यूव्हीचं पाणी भरलेल्या माठात बोटांसकट पेला बुडायचा, रोज.