स्टॅट्सगुरू : युनूस खानच्या कारकिर्दीवर पारखून पाहिलेली आकडेसेवा

गेल्या महिन्यात माझ्या भाच्याने जेवताना विचारले, "मामा, पाकिस्तानच्या मधल्या फळीत सगळ्यांत भारी कोण? मियाँदाद, इंझमाम, युसूफ की युनूस?" माझे उत्तर तयार होते : युनूस. परंतु पंधरा वर्षांच्या मुलाला केवळ आपले मत ऐकवण्यापेक्षा ते मत कशावर उभे आहे हे दाखवावे, असे मला वाटले. त्यासाठी आम्ही दोघे तीन-चार संध्याकाळी ईएसपीएनक्रिकइन्फोच्या संकेतस्थळावरील स्टॅट्सगुरू ही सेवा घेऊन बसलो. ती मी अनेक वर्षे वापरत आलो आहे, मात्र एकच कारकीर्द घेऊन तिचा तळ गाठण्याचा प्रयत्न यापूर्वी कधी केला नव्हता. हे परीक्षण त्या चार संध्याकाळींवर आधारलेले आहे.

प्रथम सेवेचे स्वरूप सांगतो. ट्रॅव्हिस बॅसेवी या संगणकतज्ज्ञाने उभी केलेली ही यंत्रणा विनामूल्य आहे. खेळाडूचे नाव दिले की त्याच्या कारकिर्दीचा गोषवारा समोर येतो. मात्र तिचे खरे सामर्थ्य त्यापुढच्या चाळणीत आहे. प्रतिस्पर्धी संघ, यजमान देश, मैदान, कालावधी, सामन्याचा निकाल, कर्णधार, संघाचा कितवा डाव, फलंदाजीचा क्रमांक अशा कितीतरी अटी लावता येतात आणि उत्तर एकत्रित बेरजेच्या रूपात हवे, डावागणिक यादीच्या रूपात हवे की चढत्या सरासरीच्या, म्हणजे सामन्यागणिक बदलत गेलेल्या एकूण सरासरीच्या रूपात, हेही आपणच ठरवायचे असते. मागे पैसे भरून घेतलेल्या एका मोबाइल अॅपने, ज्याचे नाव येथे घेत नाही, कसोटी आणि एकदिवसीय धावा एकत्र मिसळून एकच मोठा आकडा माझ्यापुढे ठेवला होता आणि तो सुटा करून पाहण्याची सोयच त्यात नव्हती. क्रिकेट समजून घेऊ पाहणाऱ्याला असा ढीग निरुपयोगी असतो. आकडा कोणत्या परिस्थितीतून आला हे विचारता आले, तरच त्याला अर्थ येतो.

चौघांची एकत्रित बेरीज पाहिली तर निर्णय अवघडच होतो. जावेद मियाँदादच्या १२४ कसोटींत ५२.५७ च्या सरासरीने ८८३२ धावा, इंझमाम-उल-हकच्या १२० कसोटींत ४९.६० ने ८८३०, मोहम्मद युसूफच्या ९० कसोटींत ५२.२९ ने ७५३० आणि युनूसच्या ११८ कसोटींत ५२.०५ ने १०,०९९. सरासरीच्या निकषावर तिघे जवळजवळ एका ओळीत उभे आहेत. युसूफने २००६ या एका वर्षात कसोटीत १७८८ धावा केल्या, हा विक्रम वर्षानुसार यादी मागितली की लगेच डोळ्यांत भरतो. मियाँदादची चढत्या सरासरीची यादी उघडली तर आणखी विलक्षण गोष्ट दिसते : पहिल्या कसोटीपासून शेवटच्या कसोटीपर्यंत त्याची सरासरी एकदाही पन्नासच्या खाली आलेली नाही. भाचा ती यादी बोटाने वरून खाली तपासत गेला आणि शेवटपर्यंत गप्प राहिला.

या सेवेचा काटेकोरपणा कसा आहे, याचे एक उदाहरण इंझमामच्या नोंदीत सापडते. त्याच्या ८८३० धावांपैकी पाकिस्तानसाठीच्या धावा ८८२९ आहेत. उरलेली एक धाव २००५ साली सिडनीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध विश्व एकादशाकडून खेळताना आलेली आहे. संघाची अट लावताच ती एक धाव बाजूला होते. क्षुल्लक वाटेल, पण २००७ मध्ये लाहोरच्या आपल्या अखेरच्या कसोटीत इंझमाम तीन धावांवर यष्टिचित झाला आणि मियाँदादचा पाकिस्तानकडून सर्वाधिक कसोटी धावांचा विक्रम अगदी थोडक्यात हुकला, हे लक्षात घेतले की एकेका धावेचा हिशेब का ठेवायचा ते समजते.

आता युनूसकडे येतो. मर्दानचा हा खेळाडू फेब्रुवारी २००० मध्ये रावळपिंडीत श्रीलंकेविरुद्ध पहिली कसोटी खेळला आणि दुसऱ्या डावात त्याने १०७ धावा केल्या. तो सामना मात्र श्रीलंकेने दोन गडी राखून जिंकला. त्याची डावागणिक यादी उघडल्यावर मी सर्वप्रथम मार्च २००५ मधल्या, भारताविरुद्धच्या बंगळूरच्या ओळीवर गेलो, कारण त्या सामन्याची गुणनोंद मी स्वतः दूरचित्रवाणीसमोर बसून वहीत केलेली आहे. पाकिस्तानचे दोन्ही सलामीवीर सात धावांत परतले होते. तेथून युनूस आणि आपली शंभरावी कसोटी खेळणारा इंझमाम यांनी तिसऱ्या गड्यासाठी ३२४ धावा जोडल्या. युनूसच्या २६७, इंझमामच्या १८४. माझ्या वहीत ही भागीदारी ३२३ अशी लिहिलेली आहे. मी वही आणि धावफलक शेजारी ठेवून पुन्हा बेरीज केली, तेव्हा एक लेगबाय माझ्याकडून सुटल्याचे आढळले. त्यानंतर या नोंदींवरचा माझा विश्वास आणखी दृढ झाला. दुसऱ्या डावात युनूस ८४ वर नाबाद राहिला, पाकिस्तानने १६८ धावांनी सामना जिंकला आणि मालिका बरोबरीत सुटली. त्या दिवशी मी वही रागाने मिटली होती. आज ती ओळ वाचताना मनात केवळ आदर आहे.

भारताविरुद्धची अट लावली की ९ कसोटींत ८८.०६ च्या सरासरीने १३२१ धावा आणि पाच शतके असे उत्तर येते. त्यांत कोलकात्याचे १४७, बंगळूरचे २६७, लाहोरचे १९९, फैसलाबादचे १९४ आणि पुन्हा कोलकात्याचे नाबाद १०७ आहेत. लाहोरच्या ओळीत बाद होण्याच्या रकान्यात 'धावबाद' एवढाच शब्द आहे. द्विशतकाला एक धाव हवी असताना धावबाद होणे म्हणजे काय असते, हे तो शब्द सांगत नाही. म्हणून माझा आग्रह असा की डावागणिक यादी कधीही एकटी वाचू नये. तिच्यातील प्रत्येक ओळीवरून त्या सामन्याच्या धावफलकावर जाता येते, आणि गेल्या वीसेक वर्षांतल्या बऱ्याच सामन्यांचे चेंडूगणिक लेखी वर्णनही तेथे वाचायला मिळते. सेवेचे हे दोन भाग एकत्र वापरले तरच कारकीर्द दिसते. नाहीतर नुसता जमाखर्च हाती लागतो.

माझ्या दृष्टीने युनूसचे मोठेपण ज्या अटीने सर्वाधिक उघड झाले, ती चौथ्या डावाची. कसोटीचा चौथा डाव म्हणजे झिजलेली खेळपट्टी, चार दिवसांचा शीण आणि समोर ठरलेले लक्ष्य. भल्याभल्यांची सरासरी तेथे घसरते. युनूसची पन्नासच्या वर राहते आणि शतके पाच. तो निवृत्त झाला तेव्हा चौथ्या डावात इतकी शतके दुसऱ्या कुणाच्याही नावावर नव्हती; आपल्या सुनील गावसकरांची चार होती, रिकी पाँटिंग आणि ग्रॅमी स्मिथ यांचीही चार. या पाचांतले नाबाद १७१ हे जुलै २०१५ मधले पल्लेकेलेचे शतक मी भाच्याला सविस्तर वाचायला लावले. श्रीलंकेने ३७७ धावांचे लक्ष्य ठेवले होते आणि पाकिस्तानची अवस्था २ बाद १३ होती. तेथून सदतीस वर्षांचा युनूस आणि पंचविशीतला शान मसूद यांनी २४२ धावांची भागी केली. मसूद १२५ वर बाद झाल्यावर कर्णधार मिसबाह-उल-हकने नाबाद ५९ करत साथ दिली आणि सात गडी राखून विजय मिळाला. पाकिस्तानने कसोटीत केलेला हा सर्वांत मोठा पाठलाग होय. लेखी वर्णन वाचताना जाणवते की युनूसने कुठेही घाई केली नाही आणि कुठेही गाडा अडू दिला नाही. धावफलक हलता ठेवणे ही त्याची सवयच होती.

दुसरी बोलकी अट मैदानाची. फेब्रुवारी २००९ मध्ये कराचीत कर्णधार या नात्याने त्याने श्रीलंकेविरुद्ध ३१३ धावा केल्या. हनीफ मोहम्मद आणि इंझमाम यांच्यानंतर त्रिशतक करणारा तो तिसरा पाकिस्तानी. पुढच्याच कसोटीत, ३ मार्च रोजी, लाहोरमध्ये श्रीलंकेच्या संघाच्या बसवर दहशतवादी हल्ला झाला. त्यानंतर मायदेशी कसोटी म्हणून एकही ओळ त्याच्या यादीत येत नाही. 'स्वदेशी मैदान' ही अट लावून २००९ नंतरचा काळ निवडला की तक्ता रिकामा येतो. तो रिकामा तक्ता मला या सेवेतली सर्वांत हृदयद्रावक गोष्ट वाटली. वयाच्या एकतिसाव्या वर्षानंतर या फलंदाजाने आपल्या माणसांसमोर एकही कसोटी डाव खेळला नाही. दुबई, अबूधाबी आणि शारजा हेच त्याचे घर झाले. ऑक्टोबर २०१४ मध्ये तेथेच त्याने ऑस्ट्रेलियाविरुद्ध १०६, नाबाद १०३ आणि २१३ अशी लागोपाठ तीन शतके ठोकली आणि पुढच्या वर्षी अबूधाबीतच इंग्लंडच्या मोईन अलीला षटकार मारून मियाँदादच्या ८८३२ धावा ओलांडल्या. यजमान देशानुसार यादी मागितली तर तोवर कसोटी झालेल्या अकराही देशांत त्याचे शतक दिसते. जानेवारी २०१७ मध्ये सिडनीतील नाबाद १७५ ने ही साखळी पूर्ण झाली. असे करणारा तो पहिलाच फलंदाज होता.

एकदिवसीय सामन्यांचा विभाग पाहून घ्यावा, पण तेथे रेंगाळण्याचे कारण नाही : २६५ सामने, ७२४९ धावा, सरासरी ३१.२४. तो कसोटीचा फलंदाज होता. २००९ चा टी-ट्वेंटी विश्वचषक त्याच्या नेतृत्वाखाली पाकिस्तानने लॉर्ड्सवर जिंकला, ही गोष्ट मात्र फलंदाजीच्या कोणत्याही तक्त्यातून कळणार नाही.

आकड्यांची मर्यादा कोठे सुरू होते, हे ओव्हलच्या २१८ वरून नेमके सांगता येईल. जुलै-ऑगस्ट २०१६ मध्ये इंग्लंडविरुद्धच्या पहिल्या तीन कसोटींत युनूस क्रीजमध्ये अक्षरशः उड्या मारत खेळत होता. चेंडू येण्यापूर्वीच त्याचे दोन्ही पाय हवेत असत. आपल्याला मोहम्मद अझरुद्दीनने फोन करून क्रीजमध्ये थांबून खेळण्याचा सल्ला दिला, असे युनूसने नंतर स्वतः सांगितले. ओव्हलला त्याने पाय स्थिर ठेवले, २१८ धावा केल्या, पाकिस्तानने १४ ऑगस्टला दहा गडी राखून विजय मिळवला आणि मालिका २-२ अशी सुटली. यादीत या चार सामन्यांच्या ओळी एकाखाली एक आहेत. कमी धावा, कमी धावा, मग अचानक २१८. मधला फोन आणि जमिनीवर टेकलेले पाय यादीत मावत नाहीत. जुन्या डावांबाबत तर नोंदीच अपुऱ्या आहेत. हनीफ यांनी १९५८ साली ब्रिजटाऊनला ९७० मिनिटे उभे राहून ३३७ धावा केल्या, परंतु ते किती चेंडू खेळले याचा रकाना कोरा आहे. हा दोष सेवेचा नाही. त्या काळच्या गुणलेखनाचा आहे.

वापरणाऱ्यांसाठी दोन सूचना. तक्ते रुंद असल्यामुळे मोबाइलपेक्षा संगणकावर बसावे, आणि एका वेळी एकच अट लावून उत्तर वहीत उतरवून मग दुसरी लावावी. चार-पाच अटी एकदम लावल्या की इतके थोडे डाव उरतात की त्यांवरून काहीही सिद्ध करता येते. सर्व मजकूर इंग्रजीत आहे, तरी क्रिकेटची रोजची परिभाषा ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला फारसे अडणार नाही. माझ्या भाच्याला दुसऱ्या संध्याकाळपासून माझी गरज उरली नव्हती.

त्यानेच चौथ्या संध्याकाळी युनूसची यादी संपवून मिसबाहची उघडली आणि तीत ९९ हा आकडा तीनदा आल्याचे मला दाखवले. एक वेलिंग्टनचा, एक ब्रिजटाऊनचा आणि एक एप्रिल २०१७ मधला किंग्स्टनचा, नाबाद. "मामा, नाबाद नव्व्याण्णव म्हणजे दुसऱ्या टोकाचा शेवटचा गडी गेला ना?" असे म्हणत त्याने किंग्स्टनचा धावफलक उघडला. मी त्याला त्याच डावात थोडे वर पाहायला सांगितले. तेथे युनूसच्या ५८ धावा होत्या, आणि लेखी वर्णनात वेस्ट इंडीजच्या रोस्टन चेजला मारलेला तो स्वीप, ज्याने एकोणचाळिसाव्या वर्षी तो दहा हजार कसोटी धावांपर्यंत पोहोचला, पाकिस्तानचा पहिला फलंदाज म्हणून.