पिस्तूल घरपोच देतो म्हणाले आणि ग्रीन कार्डचे फोटो घेऊन गेले

परवा दुपारी एका मैत्रिणीने व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक टाकली, खाली लिहिलेलं, "बघ ना कसं वाटतंय, दुकानापेक्षा बरंच स्वस्त आहे." लिंक उघडली आणि माझ्या हाताला घाम सुटला. साइटचं नाव वेगळं, पण फोटो तोच, मला फसवणाऱ्या साइटवरचा. लाकडी टेबलावर ठेवलेलं काळं पिस्तूल आणि टेबलाच्या कडेला कॉफीच्या कपाचा अर्धगोल डाग. तो डाग मी गेल्या वर्षी इतक्या वेळा बघितलाय की डोळे मिटून काढून दाखवेन. म्हणून हे लिहितेय. टेक्सासमध्ये किंवा अमेरिकेत इतर कुठे राहणारे आपले लोक पहिली गन घ्यायचा विचार करत असतील तर त्यांनी हे पूर्ण वाचा प्लीज.

मी मूळची मिरजेची, ह्यूस्टनच्या बाहेर एका उपनगरात राहते, फार्मसिस्ट आहे. आठवड्यातले तीन दिवस क्लोजिंग माझ्याकडे, म्हणजे रात्री दहाला शटर आणि साडेदहाला पार्किंगमध्ये मी आणि टेक्निशियन मुलगी, दोघीच. गेल्या वर्षी मे महिन्यात एक माणूस माझ्या गाडीला टेकून उभा होता. काही केलं नाही त्याने, फक्त हसत विचारलं की भारीतल्या गोळ्या कुठल्या कपाटात ठेवता, आणि निघून गेला. त्या रात्री घरी येऊन मी नवऱ्याला म्हटलं, मला गन घ्यायची आहे. आमच्या घरात सात पिढ्यांत कोणी बंदूक हातात धरली नसेल, तो बराच वेळ गप्पच बसला, मग म्हणाला शिकून घेणार असशील तर घे.

कायद्याचं थोडं सांगते कारण फसवणारे याच अज्ञानावर जगतात. टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून एकवीस पूर्ण झालेल्या आणि कायद्याने गन बाळगू शकणाऱ्या माणसाला लायसन्सशिवायही हँडगन सोबत ठेवता येते. तरी एलटीसी म्हणजे लायसन्स टू कॅरी काढता येतं, ते इतर बऱ्याच राज्यांत चालतं आणि त्यासाठी क्लास आणि रेंजवर म्हणजे नेमबाजीच्या जागी परीक्षा असते. मला शिकायचंच होतं म्हणून मी ते काढायचं ठरवलं. ग्रीन कार्डवाल्यांना गन घेता येते. एच-वन-बी म्हणजे नोकरीच्या व्हिसावर असाल तर शिकारीचा परवाना वगैरे ठराविक अपवाद सोडून घेता येत नाही, आणि "तुझ्याकडे ग्रीन कार्ड आहे ना, माझ्यासाठी तू घे" असं कोणी म्हणालं तर चक्क नाही म्हणा, दुसऱ्यासाठी स्वतःच्या नावावर गन घेणं हा फेडरल गुन्हा आहे, २०२२ च्या कायद्यानंतर त्याला पंधरा वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

तर पहिला फटका मला साइटवर नाही, दुकानातच बसला. काउंटरवरच्या मुलाने मला बघितलं, मी काही विचारायच्या आत शोकेसमधून एक छोटं, गुलाबी मुठीचं पाच गोळ्यांचं पॉइंट ३८ रिव्हॉल्व्हर काढून ठेवलं. म्हणाला लेडीजसाठी हेच बेस्ट, हलकं आहे, पर्समध्ये मावतं, जॅम होत नाही, फक्त ट्रिगर ओढायचा. हातात घेतलं तर खरंच हलकं, चारशे ग्रॅमच्या आसपास. मी विचारलं ट्रिगर ओढून बघू का, तर म्हणाला पॉलिसी नाही. ४६९ डॉलर. मी ४४७३ म्हणजे गन घेताना भरायचा सरकारी फॉर्म भरला, त्यात नागरिक नसाल तर एलियन नंबर लिहावा लागतो तो लिहिला, माझा बॅकग्राउंड चेक 'डिले'मध्ये गेला म्हणजे निकाल लगेच आला नाही, तीन दिवसांनी जाऊन घेऊन आले.

रेंजवर पहिली गोळी झाडली आणि अंगठा आणि तर्जनीच्या मधली कातडी सोलवटली. हलकी गन म्हणजे धक्का सगळा हातावर, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. ट्रिगर इतका जड की बोट थरथरायचं आणि नेम खाली जायचा. दहा गोळ्यांनंतर मी गन खाली ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून रडले. एलटीसीच्या परीक्षेत पन्नास गोळ्या असतात, तीन, सात आणि पंधरा यार्डांवरून, म्हणजे ह्या हाताने ते होणं शक्यच नव्हतं. दुकानात परत गेले तर विकलेली गन वापस घेत नाही, सेकंडहँड म्हणून २०० देतो म्हणाला. दिली. त्या मुलाने कायदा मोडला नाही हे मला मान्य आहे, पण जिने आयुष्यात गन धरली नाही तिला मुद्दाम झाडायला सर्वात अवघड अशी गन "सोपी" म्हणून विकली, याला मी फसवणूकच म्हणते.

पैसे गेले म्हणून मी आता स्वस्त शोधायला लागले, आणि इथेच घात झाला. व्हिडिओ बघून बघून डोक्यात सिग पी३६५ बसलं होतं, २०१८ मध्ये आलेलं, रिकामं असताना जेमतेम अर्धा किलो आणि तरी मॅगझिनमध्ये दहा आणि नळीत एक अशा अकरा गोळ्या. दुकानांत ५५० च्या आसपास. एका साइटवर ३२९ ला दिसलं. साइट छान होती, झेंडा होता, रिव्ह्यू होते, चॅटवर बोलणारी बाई इतकी गोड की मला 'मॅम' शिवाय बोलली नाही. तिने सांगितलं तुमचा बॅकग्राउंड चेक आम्ही ऑनलाइन करतो, ड्रायव्हर्स लायसन्स आणि ग्रीन कार्डचे दोन्ही बाजूंचे फोटो पाठवा, सोशल सिक्युरिटी नंबर टाका, साध्या खोक्यात घरपोच येईल, बाहेरून कळणारही नाही. मला ते बरं वाटलं, शेजारच्या काकूंना कळायला नको म्हणून. पैसे झेलने म्हणजे बँकेतून थेट पैसे पाठवायच्या सोयीने पाठवायचे, कार्ड घेत नाही कारण कार्ड कंपन्यांना गन आवडत नाहीत म्हणे. पाठवले. दोन दिवसांनी ९५ शिपिंग इन्शुरन्स, डिलिव्हरीनंतर परत मिळणारे. पाठवले. मग मेल आला की तुम्ही नागरिक नाही म्हणून ६५० क्लिअरन्स डिपॉझिट. तेव्हा थांबायला हवं होतं ना, पण ४२४ आधीच अडकले होते, आणि अडकलेले पैसे सोडवायला माणूस आणखी अडकतो. पाठवले. एकूण १०७४ डॉलर.

मग एक आठवडा शांत. मग फोन. माणूस म्हणाला मी एटीएफमधून बोलतोय, म्हणजे गनचं बघणारं फेडरल खातं, तुम्ही नागरिक नसताना इंटरनेटवरून बेकायदा हँडगन मागवलीत, पार्सल आम्ही पकडलंय. फोन चालू असतानाच मेसेज आला. उघडला तर माझ्याच ग्रीन कार्डचा फोटो, माझा चेहरा, माझा नंबर, आणि आडवा लाल शिक्का. मी जूनमध्येच सिटिझनशिपचा अर्ज केला होता. तो म्हणाला १५०० डॉलरची गिफ्ट कार्डं आज संध्याकाळपर्यंत, नाहीतर फाइल इमिग्रेशनकडे. आज लिहिताना कळतं की सरकार कधी गिफ्ट कार्डात दंड घेत नाही. पण त्या क्षणी मला फक्त आईबाबा दिसत होते, मुलीची शाळा दिसत होती, आणि बारा वर्षं ज्या कागदासाठी थांबलो तो कागद माझ्या एका चुकीने जाणार असं वाटत होतं. नवऱ्याला सांगितलं नाही. मैत्रिणींना नाही. त्या लोकांना हेच हवं असतं, आपण इमिग्रंट आहोत, आपण पोलिसांकडे जाणार नाही, लाजेने घरातही बोलणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

मी वेळ मागून घेतला, पगार शुक्रवारी होतो म्हटलं. शनिवारी एलटीसीचा क्लास आधीच बुक होता, पैसे भरले होते म्हणून गेले नाहीतर गेलेच नसते. शिकवणारे सत्तरीचे गृहस्थ, पूर्वी डेप्युटी म्हणजे शेरीफच्या हाताखालचे पोलीस होते. मधल्या सुट्टीत मी त्यांना आडून विचारलं की माझ्या एका मैत्रिणीने ऑनलाइन गन मागवली तर एटीएफवाले असा फोन करतात का. त्यांनी कॉफीचा कप खाली ठेवला आणि एकच प्रश्न विचारला, "तुमच्या मैत्रिणीने ती कुठल्या डीलरकडे पाठवायला सांगितली?" मी म्हटलं डीलर कशाला, घरी. ते काही बोललेच नाहीत काही वेळ. मग म्हणाले, "घरी? मग गन कधी नव्हतीच, पोरी."

ऑनलाइन हँडगन विकत घेणं बेकायदा नाही, पण लायसन्सवाला विक्रेता ती तुमच्या घरी पाठवूच शकत नाही. ती तुमच्याच राज्यातल्या एफएफएल म्हणजे फेडरल लायसन्स असलेल्या डीलरकडे येते, तिथे तुम्ही स्वतः जाऊन ओळखपत्र दाखवता, ४४७३ भरता, चेक होतो, ट्रान्स्फर फी देता, मग मिळते. ग्रीन कार्डचा फोटो चॅटवर मागण्याचा प्रश्नच येत नाही. सोशल सिक्युरिटी नंबर तर खऱ्या ४४७३ वरसुद्धा ऐच्छिक असतो. आणि विकणाऱ्याचं लायसन्स खरं आहे का हे एटीएफच्याच साइटवर ईझी चेक नावाच्या पानावर बघता येतं, लायसन्स नंबरचे पहिले तीन आणि शेवटचे पाच अंक टाकायचे. एक मिनिटाचं काम. त्यांनी मला तिथेच फोनवर करून दाखवलं. माझ्या साइटवर खाली नंबर होता, तो टाकला तर काहीच सापडलं नाही.

त्या संध्याकाळी घरी सगळं सांगितलं. नवरा चिडेल वाटलं होतं, तो फक्त म्हणाला, "पंधरा दिवस एकटी हे घेऊन फिरत होतीस?" मग आम्ही कामाला लागलो. बँकेने हात वर केले, तुम्ही स्वतः पाठवलेत म्हणाले, ते पैसे गेले ते गेलेच. एफबीआयच्या आयसी३ या ऑनलाइन गुन्ह्यांच्या साइटवर तक्रार केली, लोकल पोलिसांत रिपोर्ट दिला, इक्विफॅक्स, एक्सपिरियन आणि ट्रान्सयुनियन या तिन्ही क्रेडिट ब्युरोंकडे क्रेडिट फ्रीज केलं म्हणजे माझ्या नावावर कोणी कर्ज काढू नये, ते २०१८ पासून फुकट आहे, आणि आयआरएस म्हणजे टॅक्स खात्याकडून आयपी पिन घेतला म्हणजे माझ्या नंबरवर दुसरा कोणी टॅक्स रिटर्न भरू नये. वकिलीणबाईंना विचारलं, त्या म्हणाल्या तुमची फसवणूक झाली हा तुमचा गुन्हा नाही, रिपोर्टची कॉपी फाइलला लावून ठेवा. त्या तथाकथित ऑफिसरचे आणखी अकरा फोन आले, मी उचलले नाहीत, नंतर बंद झाले.

आता गन कशी निवडली ते, कारण हे कोणी आधी सांगितलं असतं तर पुढचं काही घडलंच नसतं. क्लासच्या सरांनी पहिल्यांदा मला विचारलं तुम्ही रोज काय घालता. स्क्रब्ज आणि वर पांढरा कोट, सुट्टीला कुर्ता. म्हणजे कमरेला पट्टा नाहीच. त्यांनी सांगितलं नुसत्या पर्समध्ये गन टाकायची नाही, किल्ल्या आणि पेन ट्रिगरमध्ये जातात, ट्रिगर पूर्ण झाकणारं कडक होल्स्टर म्हणजे गनचं म्यान आधी आणि गन नंतर. मग रेंजवर भाड्याने चार गन झाडायला लावल्या, ग्लॉक १९, ४३एक्स, माझं ते स्वप्नातलं पी३६५ आणि शील्ड ईझी. पी३६५ चांगलंच आहे, पण माझ्या हाताला स्लाइड म्हणजे वरचा सरकता भाग मागे ओढताना त्रास होत होता. मी दंडाच्या जोराने ओढत होते, त्यांनी शिकवलं की स्लाइड डाव्या हाताने घट्ट धरायची आणि उजव्या हाताने मूठ पुढे ढकलायची, आणि काय सांगू, तीच गन निम्म्या ताकदीत चालायला लागली. ग्लॉक १९ जड, पण झाडायला सगळ्यात सौम्य, वजनच धक्का खातं, फक्त माझ्या कपड्यांत लपत नाही. शेवटी शील्ड ईझी घेतलं, आठ गोळ्यांचं, ३८० या लहान गोळीचं, स्लाइड सहज मागे येते. कोणाला ३८० कमी वाटेल. मला पंधरा यार्डांवरून लागणारी ३८० ची गोळी न लागणाऱ्या मोठ्या गोळीपेक्षा जास्त मोलाची वाटते. एलटीसीच्या परीक्षेत २५० पैकी १७५ ला पास, मला २३१ पडले.

कामावर गन न्यायची परवानगी आम्हाला नाही, ती गाडीत केबलने सीटला बांधलेल्या छोट्या तिजोरीत असते, गाडी लॉक करून. नुसती डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवू नका, काच फोडणारे आधी तिथेच हात घालतात. आणि कुठेही आत जाताना दारावरचा ३०.०६ चा बोर्ड वाचायची सवय लावा, इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्हीत असतो, तो असेल तर लायसन्स असूनही लपवलेली गन आत चालत नाही.

सिटिझनशिपचा इंटरव्ह्यू मार्चमध्ये झाला, समोरच्या बाईंनी यातलं काहीही विचारलं नाही.

लिंक पाठवणाऱ्या मैत्रिणीला मी मेसेज न करता सरळ फोन केला. पहिलं विचारलं पैसे पाठवलेस का. नाही म्हणाली, उद्या पाठवणार होते, पण लायसन्स आणि ग्रीन कार्डचे फोटो सकाळीच पाठवलेत, चॅटवरच्या बाईने फार गोड बोलून मागितले. मी ड्यूटी संपवून तशीच तिच्याकडे गेले. मुलं झोपली होती. तिच्या डायनिंग टेबलावर बसून रात्री बारापर्यंत तिन्ही ब्युरो फ्रीज केले आणि आयसी३ ची तक्रार भरली. फ्रीजचा शेवटचा कन्फर्मेशन येईपर्यंत तिचा फोन दोनदा वाजला, अनोळखी नंबर होता, आम्ही तो टेबलावर उलटा ठेवून दिला.